शुद्ध उच्चार

एकाहत्तर साली चौथीची बावीस पोरं घेऊन मी तिसगावहून नगरला बागरोजा दाखवायला गेलो होतो. निजामशहाच्या कबरीवरच्या त्या घुमटात आवाज असा घुमतो की पोरं खुळावलीच.

"कुनी हाय का?" मनकर्णा ओरडली. घुमटानं तिचे शब्द जसेच्या तसे परत दिले.

मी तिला वर्गातल्यासारखं टोकलं. "हाय नाही, आहे म्हणायचं. कोणी आहे का?" मला तो नादच होता. माझं स्वतःचं बोलणंही मी असंच घासूनपुसून घेतलं होतं, आईला परकं वाटावं इतकं.

दुपारी पोरं बाहेर चिंचेखाली भाकरी खायला बसली. आत कोणी राहिलं तर नाही ना, म्हणून मी डोकावून हाक दिली, "कोणी आहे का?"

घुमटातून आलं, "कुनी हाय का?"

कोणाची तरी खोडी असणार. बाहेर येऊन पोरं मोजली. बावीसच्या बावीस होती, सगळ्यांच्या तोंडात घास.

मी पुन्हा आत गेलो आणि या वेळी काहीच बोललो नाही. तरीही वरून तोच प्रश्न आला, हळू, कोवळ्या आवाजात. तो मनकर्णेचा नव्हता. लहानपणी मळ्यातल्या विहिरीत वाकून मी असंच विचारायचो.

"व्हय," माझ्या तोंडून गेलं. "मी हाय."

घुमटानं ते शब्द परत दिले नाहीत.