उजवीकडे उतरणारी माणसं

"पुढचे नागरिक," सुनावणीच्या सभागृहात कारकून माइकमध्ये म्हणाला आणि त्याने पुकारलेलं नाव तिचंच निघालं.

ती खुर्चीतच बसून राहिली. दवाखान्यात ती दिवसभर लोकांच्या दंडातून रक्त काढायची. तिथे सुई कधी चुकली नाही. पण चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की तिची बोबडी वळायची. तिने मान वळवून मागच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे सायकलकाका बसले होते. काका नात्याने कुणाचेच नव्हते आणि वस्तीतल्या सगळ्यांचे होते. मैदानाच्या कोपऱ्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान होतं, आणि वस्तीतलं पोर न् पोर सायकल शिकलं ते त्यांच्याच हाताखाली.

"काका, तुम्हीच बोला ना. तुमचं ऐकतील."

"माझ्या तोंडून शिव्याच बाहेर पडतील. ऊठ तू. मी मागे आहे ना? अडलीस की हळूच सांगतो."

"नक्की?"

"मी धरलंय. तू फक्त मागे बघायचं नाही."

लहानपणी, भिंतीला टेकवलेल्या सायकलवर बसून तिने हेच शब्द ऐकले होते. तेव्हा विश्वास ठेवला होता, म्हणून आत्ताही ठेवला. ती उठली आणि माइकपाशी गेली.

समोर लांब टेबलामागे समिती बसली होती. मधोमध अध्यक्षबाई, शेजारी नगररचना अधिकारी. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर वस्तीचा मोठा नकाशा होता आणि त्यात मैदानाचा हिरवा तुकडा. तो तुकडा व्यापारी भागात घालायचा, तिथे दुकानांची इमारत उठवायची, असा प्रस्ताव होता. अधिकाऱ्यांनी मघाशीच सांगितलं होतं, "जागा वापरात नाही. आम्ही जाऊन पाहिली. बाक नाही, झोपाळा नाही. नुसती माती आणि एक जुनी भिंत." तिची धाकटी येत्या सुट्टीत सायकल शिकणार होती. मैदान गेलं तर शिकायला उरला हमरस्ता, आणि त्यावरचे ट्रक.

"मी... म्हणजे आम्ही सगळे..."

आणि पाठ केलेलं सगळं भाषण डोक्यातून पार पुसलं गेलं. तिने मागून येणाऱ्या कुजबुजीची वाट पाहिली. काही आलं नाही. काकांना डुलकी लागली की काय? पण मागे बघायचं नव्हतं. म्हणून ती समोरच बघत राहिली, आणि नकाशावर, हिरव्या तुकड्याच्या कडेला, तिला एक बारीक काळी रेघ दिसली.

"ती भिंत," ती म्हणाली. "मी त्या भिंतीबद्दल सांगते."

अधिकाऱ्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"आमचे काका पोराला सायकलवर बसवतात ते त्या भिंतीला लागून. भिंत डाव्या हाताला. तोल गेला की डावा हात भिंतीवर टेकायचा. आता डावीकडे भिंत म्हटल्यावर पोर उतरणार कुठे? उजवीकडे. सगळं जग सायकलवरून डावीकडे उतरतं, साहेब. आम्ही उजवीकडे. चेन असते उजव्या बाजूला, तिचं वंगण आमच्या डाव्या पायाला फासतं. माझ्या आईने त्यापायी आधी कपडे धुतले आणि मग मला."

सभागृहात हशा उसळला.

"माझा नवरा दुसऱ्या वस्तीतला. तो अजून विचारतो, तू अशी उलटी का उतरतेस? मी सांगते, आमच्याकडे उतरायची हीच बाजू आहे."

"ते सगळं ठीक आहे, बाई," अधिकारी म्हणाले. "पण जागा वापरात आहे याला पुरावा काय?"

ती पुन्हा अडली. पुन्हा कुजबुज आली नाही. पण या वेळी तिने वाटही पाहिली नाही.

"पुरावा आलाय की, साहेब. इथेच बसलाय." आणि मागे न बघता तिने आवाज चढवला. "उजवीकडे उतरणाऱ्यांनी जरा उभं राहा!"

तिला काही दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. एक खुर्ची करकरली. मग दुसरी. मग खुर्च्या सरकल्याचा असा गडगडाट झाला की माइकही कण्हला. समोर समितीच्या माना हळूहळू वर उचलल्या गेल्या. टेबलाच्या टोकाला बसलेला कारकूनही उठून उभा राहिला.

"अहो, तुम्ही बसा!" अधिकारी त्याच्यावर खेकसले.

"बसतो साहेब. पण उतरतो उजवीकडेच."

अध्यक्षबाईंना हसू आवरेना. त्यांनी सहकाऱ्यांशी दोन शब्द बोलून घेतले आणि माइक ओढला. "जागा वापरात नाही, हे आम्हाला मान्य नाही. ती व्यापारी भागात घालावी अशी शिफारस ही समिती करणार नाही. मैदान मैदानच राहील."

टाळ्यांनी छत दणाणलं. कुणी शिट्टीही मारली. आता मागे बघायला हरकत नव्हती. काकांना चांगलं फैलावर घ्यायचं ठरवूनच ती गर्रकन वळली.

तिच्यामागची खुर्ची रिकामी होती.

काका पार दूर, सभागृहाच्या दाराशी उभे होते. हात पाठीमागे बांधलेले, तोंडभर हसू. लहानपणी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचून तिने वळून पाहिलं होतं, तेव्हाही ते असेच लांब, भिंतीपाशीच उभे राहिलेले दिसले होते.

"काका!" ती तिथूनच ओरडली. "सोडलंत कधी?"

"ऊठ म्हटलं," काका म्हणाले, "तेव्हाच."