काचेतली शेतं

घड्याळाच्या फोटोत काचेवर कशाचंही प्रतिबिंब दिसता कामा नये, हेच माझं काम. म्हणून मी घड्याळाभोवती काळे पुठ्ठे उभे करते आणि एका भोकातून कॅमेरा रोखते.

हे वैमानिकाचं घड्याळ होतं. काळीभोर तबकडी, अंधारातही वाचता येतील असे ठळक आकडे, हातमोजे घालूनही फिरवता येईल अशी जाडजूड चावी आणि बाजूला स्टॉपवॉचचं बटण. पाहताक्षणी मनगटावर चढवावं असं.

पहिल्या फोटोत काचेवर शेतं उमटली. खूप उंचावरून दिसावीत तशी, तिरकी.

मी पुठ्ठे सरकवले. पुढच्या फोटोत रस्ते आले, त्याच्या पुढच्यात गच्च्या.

"परत करून टाक," दिवे सांभाळणारा माझा थोरला भाऊ म्हणाला. "दुसरं पाठवतील."

"दादा, आजवर एकाही काचेपुढे मी हात टेकलेले नाहीत. हिचेच लाड कशाला?"

पुढचा फोटो मोठा करून पाहिला. गच्ची आमचीच होती. दोरीवर मी सकाळी वाळत घातलेली निळी चादर होती.

दादा दाराकडे सरकला. "खाली चल."

मी घड्याळ मनगटावर बांधलं, स्टॉपवॉच सुरू केलं आणि वाकून आणखी एक फोटो काढला.

त्यात गच्ची नव्हती. माझ्याच केसांतला भांग होता, अगदी जवळून.

मी मान वर केली. कॅमेराही वर वळवला.

"ये," मी म्हणाले. "फोकस लावून ठेवलाय."

माझ्या मनगटावरचं बटण, कुणीतरी अंगठ्यानं दाबावं तसं, सावकाश आत गेलं.