शाईतली रेघ

कल्पना करा, मुलांनो, आज तुमची आई मातीच्या ट्रॅकवर शर्यतीत उतरणार आहे आणि तिच्या गाडीचं इंजिन तुमचे आजोबा जुळवत आहेत. ट्विलाच्या घरी तेच चाललं होतं. हॉलिस आजोबांनी व्हॉल्व्हच्या, म्हणजे इंजिनातल्या झडपेच्या, टोकाला काळी शाई फासली आणि इंजिन हातानं फिरवलं. व्हॉल्व्ह दाबणारी वरची दांडी, म्हणजे रॉकर आर्म, टोकावर घासली, शाईत चकचकीत रेघ उमटली. ही रेघ मधोमध हवी. कडेला असली तर व्हॉल्व्ह तिरका दाबला जातो आणि भर वेगात मोडू शकतो.

आजोबांनी वाकून पाहिलं. "बरोब्बर मधोमध. लावू या झाकण."

रेघ कडेला होती. ट्विलाला ती स्पष्ट दिसली.

"तोंड का उतरलंय गं? गाडी मला चालवायचीय," आई हसली. "माझ्या बाबांनी जुळवलेलं इंजिन आहे, काळजी कसली?"

आजोबा झाकणासाठी टेबल चाचपडत होते. झाकण त्यांच्या समोरच होतं.

ट्विलानं चिंधी उचलली आणि रेघ पुसून टाकली.

"आजोबा, माझा हात लागला, पुसली गेली," ती म्हणाली. "पुन्हा शाई लावा ना. या खेपेला रेघ मी बघते, मला शिकायचंय."