तिसऱ्या मजल्यावरचा नेम

सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण आमच्या गावच्या मध्ययुगीन जत्रेत, भर मिरवणुकीत, मी एका फुलावर लग्न जमवलंय. माझंच.

त्या वर्षी मी सरदार होतो. मिरवणुकीत खोटे केस चालत नाहीत, म्हणून वर्षभर न्हाव्याचं तोंड पाहिलं नव्हतं. अंगात चिलखत, डोक्यावर ऊन, खाली एका जागी न ठरणारा घोडा. आणि त्याच्यापेक्षा जास्त चुळबुळ माझी, कारण माझं जिच्यावर मन होतं त्या वालबुर्गाचा बाप त्याच संध्याकाळी एका गिरणीवाल्याला तिच्या लग्नाचा शब्द देणार होता. मी तिला सांगून ठेवलं होतं, मिरवणुकीतून गुलाब फेकीन, तो घेतलास तर तू माझी.

बाजारचौकात खिडक्याखिडक्यांतून माणसं लटकली होती. त्या सगळ्यांत मी तिसऱ्या मजल्यावरचे तिचे डोळे हेरले, रिकिबीत उभा राहिलो आणि गुलाब भिरकावला. थेट तिच्या ओंजळीत.

बिअरच्या टेबलावर माझी ही गोष्ट ऐकणारे सगळे पुढे वाकले.

"तिसऱ्या मजल्यावर?" लोरेन्झने विचारलं.

"चौथाही असेल," मी म्हटलं.



शेजारी बसलेल्या माझ्या बायकोने, वालबुर्गाने, हातातला बिअरचा मग खाली ठेवला. "सरदारांना चष्मा लावू देत नाहीत, कोर्बिनियान. तुझा चष्मा माझ्याकडेच होता. गुलाब पडला खालच्या पाद्रीबाबांच्या मांडीवर. तीन मजले धावत उतरून तो मी उचलून आणला."