फिनॉलचा मान

सासऱ्यांनी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकात फिनॉल हे अ‍ॅसेटिक आम्लापेक्षा प्रबळ आम्ल ठरवले होते. वस्तुस्थिती नेमकी उलट. पण महाविद्यालयात त्याच पुस्तकावरून रसायनशास्त्र शिकवणारे जावई वर्षानुवर्षे मूग गिळून तेच फळ्यावर लिहीत. "बाबांना या वयात चूक दाखवाल, तर ते अंथरूण धरतील," अशी बायकोची तंबी होती.

यंदा एका विद्यार्थिनीने भर वर्गात दोन परीक्षानळ्यांत खाण्याच्या सोड्याचे द्रावण घेतले. अ‍ॅसेटिक आम्ल पडताच फसफसून फेस आला. फिनॉल टाकलेली नळी मात्र ढिम्म.

"सर, मग प्रबळ कोण?"

"परीक्षेत पुस्तकातलंच लिही, बाई," ते कसेबसे म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी सासऱ्यांपुढे मनातले सारे बोलून टाकले. "निदान नव्या आवृत्तीत तरी एवढं दुरुस्त करा, बाबा."

सासऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.



"चूक मला केव्हाच कळली होती, जावईबापू, पण तुम्ही वर्गात इतक्या ठामपणे शिकवत होतात, म्हटलं तुमचा पाणउतारा नको, म्हणून नवी आवृत्तीही तश्शीच छापून घेतली, माझ्या जागी तुमचं नाव घालून."