रंकाळा सर

सॉफ्टवेअर कंपनीचे मालक विश्वजित सरांनी स्वतःच्या हातून उडालेला डेटाबेस स्वप्नालीच्या नावावर खपवला आणि दिवाळीत अख्ख्या ऑफिससमोर तिला कामावरून काढलं. तेव्हापासून ती कोल्हापुरात कसबा बावड्यात घरी बसून, प्रोग्रामरांच्या एका ग्रुपवर 'रंकाळा' या टोपणनावानं लोकांच्या अडचणी सोडवायची. सगळे तिला पुरुष समजून 'रंकाळा सर' म्हणायचे.

आज दुपारी त्याच ग्रुपवर विश्वजित सरांचा मेसेज आला. जँगो या सॉफ्टवेअरमधली, डेटाबेसमध्ये बदल करायची मायग्रेट कमांड चालेना, स्क्रीनभर लाल एरर, आणि तासाभरात दूध संघात नव्या सॉफ्टवेअरचा डेमो. फोटो बघताच स्वप्नालीला दुखणं कळलं. तरी तिनं मुद्दाम त्यांना भलत्याच कमांडी परत परत चालवायला लावल्या. "व्हय सर, करतो लगेच," असं उत्तर आलं, की तिच्या जिवाला गारवा मिळायचा.

शेवटी काकुळतीला येऊन त्यांनी लिहिलं, "सर, तुमच्यासारखा माणूस आमच्याकडं पाहिजे हुता बघा. आता तेवढं सांगून टाका की!"

 

"होते की सर, दिवाळीपर्यंत तुमच्याकडंच होते," एवढं लिहून, खाली आपलं खरं नाव टाकून स्वप्नालीनं ग्रुप सोडला.