चाचणीचा फॅक्स

"'पिण्यास अयोग्य' हे शब्द आले की मेल थेट माझ्याकडे वळला पाहिजे," पाणी तपासणी प्रयोगशाळेचे साहेब नेटवर्कवाल्या बाईच्या खुर्चीमागे उभे राहून म्हणाले. "फॅक्स सर्व्हरकडे जाता कामा नये. आधी मी बघेन."

तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सकाळपासून ती याच कामाला बसली होती. इथून अहवाल मेल झाला की मेल सर्व्हरने तो फॅक्स सर्व्हरकडे द्यायचा आणि त्याने बत्तीस आरोग्य केंद्रांचे नंबर फिरवायचे. तिथले कॉम्प्युटर कधी चालू, कधी बंद. फॅक्स मशीन मात्र अखंड जागं. रस्ता तयार होता. साहेबांचा नियम तेवढा टाकायचा राहिला होता.

पलीकडच्या टेबलावर केमिस्टबाई होत्या. पूर्वेकडच्या टाकीचं पाणी त्यांनी तीनदा तपासलं होतं आणि तिन्ही वेळा ते पिण्यास अयोग्यच निघालं होतं. अहवालावर सही होऊन दोन दिवस झाले, तरी सोमवारची बैठक होईपर्यंत थांबा, असा साहेबांचा हुकूम होता. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा अर्धाच खाऊन बंद केला होता. "माझी लेक त्याच टाकीचं पाणी पिते," त्या म्हणाल्या होत्या. "तिला उकळून प्यायला सांगितलं. बाकीच्यांना कोण सांगणार?"

झालं का, म्हणून साहेबांनी विचारलं. चाचणी केल्याशिवाय काम पुरं होत नाही, आधी लाइन चालते का ते बघू दे, असं नेटवर्कवाली म्हणाली. लवकर उरका, म्हणून साहेब आपल्या खोलीत गेले.

केमिस्टबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. "फॅक्सकडे जाणाऱ्या मेलचा पत्ता सांग गं."

तिने एकेक अक्षर सावकाश सांगितलं. केमिस्टबाईंनी अहवाल जोडला आणि बटण दाबलं.

पडद्यावर नंबर हिरवे होत गेले. साहेब परत आले तेव्हा बत्तीसच्या बत्तीस झाले होते. अहवालाचं नाव वाचून त्यांचा चेहरा उतरला.

"परत घ्या. आत्ताच्या आत्ता."

"तो कागद झाला, साहेब. बत्तीस ठिकाणी छापून पडलाय."

साहेबांनी दोघींना नोकरीची आठवण करून दिली. वर काय उत्तर द्यायचं तेही विचारलं. नेटवर्कवालीने खुर्ची त्यांच्याकडे फिरवली.

"तुमचा नियम लेखी द्या. खाली सही करा. लगेच टाकते."

साहेबांनी पेनाला हात लावला नाही.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. तीनदा वाजला, चारदा वाजला. दोघींपैकी कुणीच जागचं हललं नाही.

"उचला ना, साहेब," केमिस्टबाई म्हणाल्या. "अहवालाखाली चौकशीसाठी नंबर तुमचाच असतो."